घास कुणाचा: देवराईतल्या पक्ष्यांची स्पर्धा कशी पाहावी, कशी नोंदवावी

आमच्या भागातल्या एका लहानशा देवराईची सलग चार हिवाळ्यांची पक्षीयादी माझ्याकडे आहे. दरवर्षी जातींचा आकडा थोड्याफार फरकाने तेवढाच भरायचा, त्यामुळे रान ठीक आहे असं मी धरून चाललो होतो. मग एका फेब्रुवारीत यादी बाजूला ठेवली आणि कडेच्या पांगाऱ्याखाली तासभर नुसता बसलो. पांगारा लालभडक फुललेला होता. सहा चष्मेवाल्यांचा घोळका फुलांवर उतरायचा आणि त्यांची चोच मधात बुडते न बुडते तोच शिपाई बुलबुल अंगावर धावून यायचा. त्या तासात नऊ वेळा त्याने त्यांना उठवलं. माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच होती: ‘चष्मेवाला, ६’. सहा होते हे खरं. पण त्यांच्या पोटात काही पडलं का, हे त्या ओळीतून कळत नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. तुटक्या, लहान रानात पक्षी दिसणं ही अर्धीच बातमी असते. तो कुठे बसून, काय, कसं खातो आणि त्याला कोण खाऊ देत नाही, हे पाहिल्याशिवाय त्या रानाची तब्येत कळत नाही. हे काम दुर्बीण, वही आणि चिकाटी एवढ्यावर होतं. कसं करायचं ते इथे सविस्तर सांगतो. उदाहरणं सह्याद्रीतल्या देवरायांची आहेत, पण रीत कुठल्याही तुकड्याला लागू पडेल.

आधी तुकडा मोजा

देवराई हा अभ्यासाला आयता मिळालेला तुकडा आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि गावाने श्रद्धेने राखलेल्या या रानांकडे शास्त्राचं लक्ष गेलं. भोवती भातखाचरं, काजूच्या बागा किंवा उघडा माळ आणि मधे जुन्या झाडांचं बेट, असं यांचं रूप.

गूगल अर्थवर देवराईची कड आखून क्षेत्रफळ काढा. मात्र नुसत्या क्षेत्रफळावर जाऊ नका, आकारही बघा. रानाच्या कडेला ऊन आणि वारा आत शिरतो, पाचोळा लवकर सुकतो, माळावरचे पक्षी आत घुसतात. हा कडेचा परिणाम सोयीसाठी ५० मीटर आतपर्यंत पोचतो असं धरू. मग १०० मीटर बाय १०० मीटरच्या, म्हणजे एक हेक्टरच्या चौकोनी देवराईत आतलं असं रान उरतच नाही. सगळी देवराई म्हणजे कडच. २०० बाय २०० मीटरची, चार हेक्टरची देवराई असेल तर मधे एक हेक्टर गाभा उरतो. आता तीच चार हेक्टर ओढ्याच्या काठाने ४०० बाय १०० मीटर अशी पट्टीसारखी पसरली असतील, तर गाभा पुन्हा शून्य! सातबाऱ्यावर दोन्ही देवराया सारख्याच. पाचोळ्यात चरणाऱ्या कस्तुराच्या दृष्टीने मात्र एक घर आहे आणि दुसरी नुसती वाट.

सोबत तीन गोष्टी लिहून ठेवा: सर्वांत जवळचं मोठं रान किती दूर आहे, मधल्या जागेत काय आहे (बाग, शेत, वस्ती, मोकळा माळ), आणि आत किती जुनी, ढोलीवाली झाडं आहेत. या तिसऱ्या गोष्टीकडे शेवटी परत यायचं आहे.

तुलना करायची असेल तर किमान तीन लहान आणि तीन मोठे तुकडे निवडा. एकाच देवराईत दहा वेळा जाणं म्हणजे दहा देवराया पाहणं नव्हे. ही चूक मी स्वतः केली आहे आणि पूर्ण हंगामाची मेहनत त्यात वाया गेली.

आत जाण्याआधी

गावात विचारा. गुरवाला भेटा, मानकऱ्यांना सांगा. बऱ्याच ठिकाणी पायताण बाहेर काढावं लागतं, काही देवरायांत ठरावीक दिवशी जाता येत नाही, आणि वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही हा दंडक तर बहुतेक ठिकाणी असतो. तो मनापासून पाळा. रान उरलं आहे ते या दंडकामुळेच. अनवाणी चालावं लागलं तर पाचोळ्यात पाय टाकण्याआधी काठीने चाचपा. कोकणात फुरसं पाचोळ्यात असं बसतं की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. वर आग्या मोहोळ आहे का ते पाहून मगच बसायची जागा ठरवा. पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवायचं नाही. खाण्याच्या वेळात त्यांना खोट्या भांडणाला उभं करणं हे त्यांच्यावर अन्याय करणारं आहेच, शिवाय तुमची नोंदही बिघडते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. बाहेरून आलेले वटवटे आणि माशीमार तोवर स्थिरावलेले असतात, बहुतेक जातींची विणीची गडबड नसते आणि मिश्र थवे भरात असतात. सकाळी उजाडल्यावर अर्ध्या तासाने सुरुवात करून दहापर्यंत थांबा. सगळ्या तुकड्यांना हीच वेळ ठेवा. एका ठिकाणी सात वाजता आणि दुसऱ्या ठिकाणी अकरा वाजता गेलात, तर तुम्ही रानांची नाही, घड्याळाची तुलना कराल.

थवा ओळखणं

सह्याद्रीच्या रानात शिरल्यावर कितीतरी वेळ काहीच हलत नाही, आणि मग एकदम चारी बाजूंनी पक्षीच पक्षी. हा मिश्र थवा. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र फिरत, एकाच दिशेने सरकत कीटक टिपत जातात. नोंदीसाठी मी असा नियम ठेवला आहे: दोन किंवा जास्त जाती, किमान पाच मिनिटं, एकमेकांसोबत पुढे सरकत असतील तर तो थवा. फळलेल्या उंबरावर जमलेले तांबट, हळद्या आणि बुलबुल हा थवा नव्हे. ती पंगत आहे. पंगतीत सगळ्यांना झाड खेचतं, थव्यात पक्षी एकमेकांना धरून असतात. या दोन्हींची नोंद वेगळ्या पानावर करा, नाहीतर पुढचं सगळं गणित चुकतं.

थव्यात प्रत्येकाची जागा असते. फुलवेट्यांचा घोळका झुडपांतून आणि खालच्या फांद्यांतून चिवचिवत पुढे जातो आणि बाकीचे त्याच्या मागे लागतात. पश्चिम घाटातल्या बऱ्याच थव्यांचा हाच पुढारी. नाचण शेपटी पसरून, मिरवत पानांतले किडे उडवतो आणि हवेत टिपतो. निखार आणि सुभग शेंड्याकडच्या पानांत. खोडावर सुतार शेपटीचा टेकू देऊन खालून वर चढतो, तर शिलींध्री डोकं खाली करून वरून खाली उतरते. सालीची जी फट एकाला दिसत नाही, ती दुसऱ्याला समोरून दिसते. या एका खोडापाशी अर्धा तास उभं राहिलात तर अन्नाची वाटणी म्हणजे काय, ते पुस्तकाशिवाय कळेल.

आणि कोतवाल. तो मोकळ्या फांदीवर बसून बाकीच्यांनी उडवलेले किडे पळवतो, कधी दुसऱ्याच्या चोचीतलाही घास हिसकतो. तरीही थवा त्याच्याजवळ राहतो, कारण शिक्रा आला की ओरडतो तोच. पल्लवपुच्छ कोतवाल तर इतर जातींच्या आवाजांची नक्कल करतो. श्रीलंकेतल्या सिंहराजा जंगलातल्या अभ्यासात अशा नकलेने तो थव्यातल्या जातींना जवळ खेचतो असं दिसून आलं. त्याला एका शब्दात चोर किंवा राखणदार म्हणता येत नाही. वहीत दोन्ही रकाने ठेवा: किती घास हिसकले, किती वेळा इशारा दिला.

लहान तुकड्यात थवा पाहताना जातींची संख्या, पुढारी कोण आणि थवा एकत्र किती वेळ टिकला, हे तिन्ही लिहा. पुढारी नसला की थवा जमतो, पण पाच-दहा मिनिटांत विस्कटतो. मला हा फरक जातींच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका वाटतो.

एक घास, एक ओळ

आता मुख्य काम. पक्षी दिसला की लगेच लिहू नका. आपल्या नजरेला आधी भपकेबाज हालचालच दिसते. हवेत झेप घेणारा नाचण दिसतो, पानाआड शांतपणे अळी वेचणारा नाही. म्हणून पक्षी दिसल्यावर मनात पाच आकडे मोजा आणि त्यानंतर तो खाण्याची जी पहिली हालचाल करेल ती लिहा. एका पक्ष्याची एकच ओळ. त्याच पक्ष्याची दुसरी ओळ किमान दहा मिनिटांनी.

ओळीत एवढं हवं: जात, वेळ, जमिनीपासूनची उंची, झाडाची जात, झाडाचा भाग (खोड, जाड फांदी, बारीक डहाळी, पान, फूल, फळ, हवा, जमीन), खाण्याची रीत, आणि पक्षी एकटा होता की थव्यात. रीतीसाठी मी पाच खुणा वापरतो. ‘वे’ म्हणजे बसल्या जागी वेचणं, ‘झे’ म्हणजे हवेत झेप, ‘घि’ म्हणजे पानासमोर पंख फडफडवत अधांतरी राहून टिपणं, ‘टो’ म्हणजे साल किंवा फूल टोचणं, ‘लों’ म्हणजे उलटं लोंबकळून खाणं. फुलटोच्या बांडगुळाच्या फळांवर आणि वल्गुली डहाळीच्या टोकाला लोंबकळताना हमखास दिसतील.

उंची डोळ्याने सांगताना सगळेच चुकतात. सोबत्याला झाडाखाली उभं करा आणि त्याची उंची किती वेळा मावते ते मोजा. आठवडाभर सराव केला की नजर बसते. चार पट्टे पुरेत: २ मीटरपर्यंत, २ ते ५, ५ ते १०, आणि त्यावर.

एका जातीच्या ३० ओळी झाल्याशिवाय तिच्याबद्दल काही म्हणू नका, असा मी स्वतःला नियम घातला आहे. नाचणाच्या ३० ओळी चार सकाळांत होतात. शिलींध्रीच्या व्हायला मला अख्खा महिना लागला होता.

कुणी कुणाला उठवलं

स्पर्धा दोन प्रकारची असते. एक भांडून: पाठलाग, चोचीचा धाक, जागेवरून उठवणं. दुसरी न भांडता: मी आधी येऊन खाल्लं, तुझ्यासाठी उरलं नाही. पहिली डोळ्यांना दिसते, दुसरी फक्त आकड्यांतून कळते, आणि रानात दुसरीच जास्त चालते असं मला वाटतं.

पहिलीसाठी फुललेलं किंवा फळलेलं झाड गाठा. जानेवारी ते मार्चमध्ये पांगारा, काटेसावर, पळस. उंबर तर वर्षात अनेकदा फळतो. एका झाडाला पूर्ण तास द्या. प्रत्येक झटापटीला तीन गोष्टी लिहा: कोण चालून गेलं, कोण उठलं, उठलेला परत आला का आणि किती वेळाने. दर दहा मिनिटांनी झाडावर कुठल्या जातीचे किती पक्षी आहेत तेही मोजा. हे मोजणं फार महत्त्वाचं आहे. झाडावर वीस साळुंक्या आणि एक हळद्या असेल, तर साळुंक्यांची भांडणं जास्त दिसणारच. त्यावरून साळुंकी भांडखोर ठरत नाही.

भांडण फुला-फळांपुरतंच असतं असंही नाही. हिवाळी पाहुणा असलेला हिरवट पर्ण वटवट्या जेमतेम दहा ग्रॅमचाही नसतो, पण आपल्याकडे येऊन प्रत्येक जण स्वतःचा टापू राखतो आणि दिवसभर ओरडून तो जाहीर करतो. तेच झाड, तोच आवाज तुम्हाला आठवडे नि आठवडे सापडेल. लहान देवराईत असे टापू किती मावतात ते नकाशावर मांडून पाहा. रान आक्रसलं की काय होतं, ते या एवढ्याशा पाखराच्या नकाशावरून लख्ख दिसतं.

आकडे मांडणं

दोन जाती एकाच जागेवर किती चरतात, हे काढायला सोपं गणित आहे. समजा, नाचणाच्या नोंदींपैकी चार पट्ट्यांत अनुक्रमे १०, ५०, ३० आणि १० टक्के आहेत. स्वर्गीय नर्तकाच्या ०, २०, ५० आणि ३०. प्रत्येक पट्ट्यातला लहान आकडा घ्या: ०, २०, ३०, १०. बेरीज ६०. म्हणजे उंचीच्या बाबतीत दोघांची ६० टक्के सरमिसळ आहे. हेच झाडाच्या भागासाठी आणि रीतीसाठी करा. मग लहान आणि मोठ्या तुकड्यांचे आकडे शेजारी ठेवा.

इथे घाई नको. सरमिसळ जास्त आली म्हणजे स्पर्धा जास्त, असं सरळ म्हणता येत नाही. अन्न मुबलक असेल तर सगळे एकाच ताटात जेवतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. उलट सरमिसळ कमी असेल तर कदाचित पूर्वीच्या चढाओढीने त्यांना वेगळं केलं असेल. अमेरिकेत रॉबर्ट मॅकआर्थर यांनी १९५८ साली पाच जातींच्या छोट्या पक्ष्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे त्याच सूचिपर्णी झाडांवर कीटक खाणारे, पण झाडाचे भाग पाडून कोण कुठे किती वेळ असतो हे मोजल्यावर प्रत्येकाचा कोपरा वेगळा निघाला. म्हणून मी एकच जात दोन ठिकाणी पाहण्यावर भर देतो. मोठ्या रानात ती मधल्या उंचीवर, पानांत वेचते. लहान तुकड्यात, बुलबुल आणि सातभाई दाटीने असताना, तीच जात शेंड्याला किंवा कडेला ढकलली गेली आहे का? तसं तीन-तीन तुकड्यांत पुन्हा पुन्हा दिसलं, तर तुमच्या हाती बोलण्याजोगं काही आहे.

दुसरीकडे काय घडलं, ते ठाऊक असावं

ब्राझीलमध्ये मनाऊसजवळ १९७९ पासून १, १० आणि १०० हेक्टरचे जंगलाचे तुकडे मुद्दाम वेगळे राखून अभ्यास चालला आहे. तिथे लष्करी मुंग्यांच्या मागे फिरून खाणारे पक्षी लहान तुकड्यांतून लवकर नाहीसे झाले, मिश्र थवेही मोडले. पुढे भोवतालच्या कापलेल्या जागेत रान पुन्हा वाढू लागलं, तसे काही पक्षी आणि थवे परतले. देवराईभोवती काय आहे ते लिहा असं वर सांगितलं, त्याचं कारण हे. भोवतीची झाडोऱ्याची पट्टी वाचवणं हे कित्येकदा देवराईच वाचवणं असतं.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातली गोष्ट वेगळी आहे. तिथला नॉइझी मायनर हा मधखाऊ पक्षी टोळीने राहतो आणि निलगिरीच्या तुटक्या रानांतून लहान पक्ष्यांना अक्षरशः हाकलून लावतो. त्याचं हे वागणं २०१४ साली तिथल्या केंद्रीय कायद्याखाली धोका म्हणून नोंदलं गेलं. पण हे वाचून आपल्या बुलबुलावर लगेच तसा शिक्का मारू नका. पांगाऱ्यावरचा माझा बुलबुल पांगाऱ्यापुरता दांडगा होता. त्याच सकाळी शंभर पावलांवर फळलेल्या उंबराच्या झाडात तो आणि चष्मेवाले बिनभांडण खात होते, कारण तिथे सगळ्यांना पुरून उरेल एवढं होतं.

ढोल्या मोजायला मार्चमध्ये परत या

खाण्याची स्पर्धा हिवाळ्यात पाहिलीत, आता राहण्याची पाहा. तांबट, कुटुर्गा आणि सुतार स्वतः ढोली कोरतात. साळुंकी आणि पोपट कोरत नाहीत, तयार ढोली शोधतात आणि वेळ पडली तर मालकाला हुसकावून घेतात. मोठ्या रानात जुनी, अर्धवट वाळलेली झाडं भरपूर असतात. लहान देवराईत अशी चार-पाचच असतील आणि कडेवरून साळुंक्या थेट आत येतात. प्रत्येक ढोलीला क्रमांक द्या. मार्च ते मे दर आठवड्याला लांबून, वीसेक पावलांवरून, अर्धा तास बघा: आत कोण जातं, बाहेर कोण घुटमळतं, मालक बदलला का. घरट्याच्या फार जवळ जाऊ नका आणि त्याची नेमकी जागा कुठेही जाहीर करू नका. घुबडांच्या ढोल्या तर गावातल्या विश्वासू माणसाशिवाय कुणालाही सांगू नका.

पक्ष्यांच्या याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. पण घासाच्या, भांडणाच्या आणि ढोलींच्या नोंदींची एक प्रत मराठीत, नकाशासह ग्रामपंचायतीला द्या. जैवविविधता कायदा २००२ नुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. तुमची पानं त्या वहीत लागायला हवीत. नकाशावर वाळलेली, ढोलीवाली झाडं लाल खुणेने दाखवा आणि प्रत्येकापुढे त्यात कुणाची पिल्लं वाढली ते लिहा. देवळाच्या जीर्णोद्धाराला लाकूड हवं झालं की सगळ्यात आधी नजर जाते ती याच ‘मेलेल्या’ झाडांवर. आमच्याकडे बैठकीत तो नकाशा गुरवांनी स्वतः हातात घेतला, एका सुकलेल्या ऐनाच्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘ह्यात कुटुर्ग्याची पोरं होती ना? मग हा राहू दे.’